गालावरची सोनोग्राफी

वणी असो, पुसद असो की उमरखेड, यवतमाळ जिल्ह्यातल्या सोनोग्राफी सेंटरमध्ये शिरताना पहिली नजरेस पडते ती पाटी: येथे गर्भलिंग तपासणी केली जात नाही. ही पाटी डॉक्टरांनी स्वखुशीने लावलेली नसते. १९९६ च्या नियमावलीतला नियम १७ ती इंग्रजीत आणि स्थानिक भाषेत, दर्शनी जागी लावायला सांगतो. कायद्याची प्रतही तिथे मागताक्षणी मिळाली पाहिजे, असे तोच नियम पुढे म्हणतो. ती प्रत मागणारा पेशंट बहुधा विरळाच.

त्याच सेंटरमधला प्रोब पोटाऐवजी गालावर टेकवला, तर गालाच्या हाडामागच्या पोकळीत, म्हणजे मॅक्सिलरी सायनसमध्ये, पाणी किंवा पू साठला आहे की नाही हे बऱ्यापैकी सांगता येते. ही गोष्ट वैद्यकाला अर्ध्या शतकाहून जास्त काळ ठाऊक आहे. फिनलंडमध्ये प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांच्या हातात हे यंत्र वर्षानुवर्षे आहे. आपल्याकडे मात्र डोके जड, गाल ठणकतो, वाकले की दुखते असे सांगत कुणी आले, तर त्याला आधी औषध मिळते. मग ‘फोटो’, म्हणजे पीएनएसचा (सायनसचा) एक्स-रे, आणि त्यानेही भागले नाही तर सीटी स्कॅन. गालावर जेल लावून कुणी प्रोब फिरवत नाही.

याचे एक उत्तर जिभेवर तयार असते: कायदा. गर्भलिंगनिदानाच्या कायद्याने सोनोग्राफीच्या यंत्राला इतक्या कुलपांत ठेवले, की कान-नाक-घसा तज्ज्ञाने त्याच्या वाटेला जायचे सोडून दिले. उत्तर ऐकायला पटते. पण या विषयाचे कागद भरपूर आहेत आणि त्यांवर तारखा आहेत. संशोधनपत्रिकांतले लेख, राजपत्रातल्या अधिसूचना, न्यायनिवाडे, कोविडकाळातले शासन निर्णय हे सगळे तारीखवार लावून पाहिले, की या उत्तराची पंचाईत होते.

सुरुवात १९४७ पासून. युद्धात होरपळलेल्या जर्मनीत वोल्फ कायडेल या शरीरक्रियाशास्त्रज्ञाने रोगनिदानासाठी श्राव्यातीत ध्वनीच्या वापरावर लेख प्रसिद्ध केला. सायनसच्या सोनोग्राफीचा इतिहास सांगणारे लेख बहुधा याच नावापासून सुरू होतात. १९६५ मध्ये किटामुरा आणि कानेको या जपानी डॉक्टरांनी मॅक्सिलरी सायनसच्या विकारांचे ध्वनिस्पंदांनी निदान करण्यावर एका फ्रेंच नियतकालिकात लिहिले. सत्तरच्या दशकात जर्मनीत वोल्फ मान यांनी हा धागा पुढे नेला. १९८० मध्ये फिनलंडच्या मत्ती रेवोन्ता यांचा मॅक्सिलरी आणि फ्रंटल सायनसवरचा सविस्तर अभ्यास ‘अ‍ॅक्टा ओटो-लॅरिंगोलॉजिका’ची पुरवणी म्हणून निघाला. तिथून ही तपासणी फिनलंडच्या रोजच्या वैद्यकात रुजली.

ती कशी होते, हे जवळून पाहण्यासारखे आहे. हे यंत्र चित्र दाखवत नाही. त्याला ए-मोड म्हणतात. पडद्यावर एक आडवी रेघ असते आणि ध्वनी जिथून परत येतो तिथे त्या रेघेवर टोक उठते. पेशंटला बसवायचे, डोके किंचित पुढे झुकवायचे. झोपवून चालत नाही, कारण द्रव पोकळीच्या मागच्या भिंतीकडे उतरतो आणि पुढच्या भिंतीशी हवा राहते. डोळ्याच्या खोबणीखाली, नाकाच्या बाजूला जेल लावून पेन्सिलीएवढा प्रोब टेकवायचा. गालाची कातडी आणि पुढचे पातळ हाड ओलांडून ध्वनी आत जातो. आत हवा असेल तर खेळ तिथेच आटोपतो, कारण ऊतक आणि हवा यांच्या सीमेवर जवळजवळ सगळा ध्वनी मागे फिरतो. पडद्यावर सुरुवातीला गर्दी दिसते आणि पुढे रेघ सपाट. आत द्रव असेल तर ध्वनी त्यातून आरपार जातो, मागच्या भिंतीवर आपटून परत येतो आणि रेघेवर दूर, साधारण साडेतीन सेंटिमीटर किंवा त्याहून पुढे, एक ठसठशीत टोक उठते. ऊतकांतल्या ध्वनीचा वेग सेकंदाला १,५४० मीटर धरला, तर या जाण्यायेण्याला सुमारे ४५ मायक्रोसेकंद लागतात. बस्स, एवढीच तपासणी. किरणोत्सर्ग नाही, अंधारी खोली नाही, फिल्म नाही.

मग खोट कुठे? खोट याच वर्णनात आहे. पाणी आहे की नाही, या एकाच प्रश्नाचे उत्तर हे यंत्र नीट देते. अस्तर नुसते सुजले असेल, तर टोक जवळच उठते आणि त्याचा अर्थ लावताना दोन डॉक्टरांत मतभेद होतात. पोकळी अर्धीच भरलेली असेल तर फसगत होऊ शकते. शिवाय सायनस चार जोड्यांनी असतात. गालामागचा आणि कपाळामागचा एवढेच प्रोबच्या टप्प्यात येतात. दोन डोळ्यांच्या मध्ये दडलेल्या एथमॉइडच्या बारीक कप्प्यांपर्यंत आणि कवटीच्या तळाशी असलेल्या स्फेनॉइडपर्यंत हा ध्वनी पोचत नाही.

२००० मध्ये फिनलंडच्याच हेलेना वारोनेन आणि सहकाऱ्यांनी तोवरच्या अभ्यासांचा पद्धतशीर आढावा घेतला. तीव्र मॅक्सिलरी सायनसायटिससाठी सोनोग्राफीची संवेदनशीलता, म्हणजे आजार असलेल्यांना ओळखणे, ८५ टक्के आणि विशिष्टता, म्हणजे आजार नसलेल्यांना वगळणे, ८२ टक्के निघाली. साध्या एक्स-रेचे तेच आकडे ८७ आणि ८९. नुसत्या शारीरिक तपासणीचे ६९ आणि ७९. म्हणजे हाताने दाबून पाहण्यापेक्षा प्रोब बरा, पण एक्स-रेला तो मागे टाकत नाही. तपासणारा सरावलेला नसेल तर निकाल आणखी घसरतो. त्याच वर्षी एंगेल्स आणि सहकाऱ्यांचा दुसरा आढावा आला. त्यातही सोनोग्राफीचे निकाल एका अभ्यासापासून दुसऱ्या अभ्यासापर्यंत फार हेलकावे खाताना दिसतात. वारोनेन यांची झडती घरच्याच लोकांनी घेतलेली आहे, म्हणून तिचे वजन मला जास्त वाटते.

हे वर्ष, २०००, लक्षात ठेवावे, कारण आपल्याकडचा कागदी धागा त्याच वर्षापासून आवळला जाऊ लागला.

महाराष्ट्राने गर्भलिंगनिदानावर देशात सर्वांत आधी कायदा केला, १९८८ मध्ये. केंद्राचा कायदा १९९४ चा, १९९४ चा क्रमांक ५७. तो १ जानेवारी १९९६ पासून लागू झाला. पहिली काही वर्षे तो बराचसा कागदावर राहिला. फेब्रुवारी २००० मध्ये मुंबईची ‘सेहत’, पुण्याची ‘मासूम’ या संस्था आणि डॉ. साबू जॉर्ज यांनी सर्वोच्च न्यायालयात याचिका केली, की कायदा आहे पण अंमल नाही. ४ मे २००१ च्या आदेशाने न्यायालयाने केंद्र आणि राज्यांना कामाला लावले. पाठोपाठ संसदेने कायदा सुधारला आणि १४ फेब्रुवारी २००३ पासून तो आजच्या नावाने, गर्भधारणापूर्व व प्रसवपूर्व निदानतंत्र कायदा म्हणून, अमलात आला. त्यातले नवे कलम ३-ख आपल्या विषयाच्या मर्मावर बोट ठेवते. गर्भाचे लिंग ओळखू शकणारे सोनोग्राफी यंत्र, इमेजिंग यंत्र, स्कॅनर किंवा इतर उपकरण नोंदणी नसलेल्या कुणालाही विकायचे नाही.

कलम ३-ख खरेदीचा हेतू विचारत नाही. घेणाऱ्याला थायरॉइड पाहायचे आहे, गुडघा पाहायचा आहे की सायनस, याच्याशी त्याला देणेघेणे नाही. यंत्र काय करू शकते एवढेच ते पाहते. म्हणजे दारव्ह्याच्या किंवा पांढरकवड्याच्या कान-नाक-घसा तज्ज्ञाला नेहमीचे, चित्र दाखवणारे यंत्र घ्यायचे तर नोंदणी आलीच, पात्रतेच्या अटी आल्या, तपासणीसाठी समुचित प्राधिकारी आला. महाराष्ट्रात ही जबाबदारी जिल्ह्याला जिल्हा शल्यचिकित्सकाकडे आणि तालुक्याला ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयाच्या अधीक्षकाकडे असते. सोळा तालुक्यांच्या यवतमाळ जिल्ह्यात सगळे एकमेकांना ओळखतात; यंत्र कुणाकडे आले हे लपून राहण्यासारखे नाही. पण ए-मोडची ती आडवी रेघ? तिच्यावर गर्भाचे चित्रच उमटत नाही, मग लिंग कुठून दिसणार? कलमाचा शब्दशः अर्थ लावला तर असे यंत्र त्याच्या बाहेर राहते, असे माझे वाचन आहे. सावध डॉक्टर असल्या वाचनावर पैज लावणार नाही, हेही तितकेच खरे.

सावध असण्याला कारणे होती. शून्य ते सहा वर्षांच्या गटात राज्यात दर हजार मुलांमागे १९९१ मध्ये ९४६ मुली होत्या. २००१ मध्ये त्या ९१३ झाल्या आणि २०११ मध्ये ८९४. आकडे असे उतरत असताना यंत्रणा सैल सोडणे कुणालाच परवडणारे नव्हते. कोल्हापूरचे तत्कालीन जिल्हाधिकारी लक्ष्मीकांत देशमुख यांनी १० मार्च २०११ ला परिपत्रक काढले. सोनोग्राफीनंतर चोवीस तासांत एफ नमुना (गरोदर बाईच्या तपासणीची नोंद) ऑनलाइन भरायचा आणि यंत्राला ‘सायलेंट ऑब्झर्व्हर’ जोडायचा, म्हणजे झालेली प्रत्येक तपासणी त्या डबीत साठत राहील. रेडिओलॉजिस्टांची संघटना उच्च न्यायालयात गेली. पेशंटच्या खासगीपणाचा मुद्दा मांडला गेला. २६ ऑगस्ट २०११ ला मुंबई उच्च न्यायालयाने परिपत्रक उचलून धरले.

२०१२ हे वर्ष सगळ्यांत कडक. फेब्रुवारीतल्या दुरुस्तीने हातात घेऊन फिरता येणाऱ्या यंत्रावर बंधन आले. ते नोंदलेल्या जागेतच, तिथे दाखल असलेल्या रुग्णांसाठी वापरायचे, नाहीतर फिरत्या वैद्यकीय पथकाचा भाग म्हणून. जूनमध्ये नोंदणीचे शुल्क वाढून २५,००० रुपये झाले. एकाहून अधिक सेवा एकाच छताखाली देणाऱ्यांसाठी ३५,०००. जानेवारी २०१४ मध्ये एमबीबीएस डॉक्टरांसाठी सहा महिन्यांच्या प्रशिक्षणाचे नियम निघाले. आणि ३ मे २०१९ ला सर्वोच्च न्यायालयाने, स्त्रीरोगतज्ज्ञांच्या महासंघाने केलेल्या याचिकेवर, एफ नमुन्यातली चूक ही कारकुनी चूक म्हणून सोडून देता येणार नाही असे ठरवले. कलम ४(३) च्या परंतुकानुसार नोंद अपुरी असेल तर डॉक्टरने गुन्हा केला असे धरले जाते. तसे नाही हे त्याने सिद्ध करायचे.

एवढी कागदांची चळत पाहिली की सुरुवातीचे उत्तर पक्के वाटायला लागते. पण तारखा पुन्हा पाहाव्यात. कायद्याला खरे दात आले ते २००१ ते २०१२ या काळात. सायनसच्या सोनोग्राफीचे भवितव्य ठरले ते त्याआधी, आणि ते ठरवणारे लोक भलतीकडेच होते. ऑस्ट्रियातल्या ग्राझचे वॉल्टर मेसरक्लिंगर यांनी नाकात दुर्बीण घालून केलेल्या निरीक्षणांचे पुस्तक १९७८ मध्ये काढले. १९८५ मध्ये अमेरिकेत डेव्हिड केनेडी यांनी त्यावर आधारलेल्या शस्त्रक्रियेला फंक्शनल एंडोस्कोपिक सायनस सर्जरी हे नाव दिले. सायनसच्या आजाराचे मूळ गालाच्या पोकळीत नसून एथमॉइडच्या अरुंद वाटेत आहे, ती वाट मोकळी केली की बाकीची पोकळी आपोआप सुधारते, असा हा विचार. या शस्त्रक्रियेला नकाशा लागतो. डोळ्याची भिंत कुठे, मेंदूचा तळ किती खाली, हे मिलिमीटरमध्ये कळावे लागते. तो नकाशा सीटी स्कॅन देतो. सोनोग्राफीला तर एथमॉइड दिसतच नाही. शल्यचिकित्सकाची गरज बदलली आणि प्रोब मागे पडला.

दुसऱ्या टोकाला साधी सर्दी-पडशाची गर्दी. तिथे मार्गदर्शक तत्त्वे उलट दिशेने गेली. तीव्र सायनसायटिस असेल आणि गुंतागुंतीची लक्षणे नसतील तर कुठलेच इमेजिंग करू नका, असे युरोपीय आणि अमेरिकी दोन्ही तज्ज्ञगटांनी सांगितले. बहुतेकांचे पडसे वाफारा, नाक धुणे आणि काही दिवसांचा धीर यांवर बरे होते. पू आहे की नाही कळल्याने उपचार फारसे बदलत नाहीत. म्हणजे किरकोळ आजाराला तपासणी नको आणि गंभीर आजाराला ही तपासणी पुरत नाही. सोनोग्राफी या दोहोंच्या मधल्या बोळात अडकली.

अडसर कायद्याचा नव्हता, याला पुरावा हवा असेल तर तो यवतमाळच्याच डोळ्यांच्या दवाखान्यांत आहे. मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी ‘ए-स्कॅन’ करतात. डोळ्याची लांबी मोजून कुठल्या नंबरचे भिंग बसवायचे हे त्यावरून काढतात. तोही ए-मोडच. तीच आडवी रेघ, तीच टोके, फक्त ध्वनीची वारंवारिता जास्त. त्या यंत्रातही गर्भ दिसत नाही. कायदा हाच अडसर असता तर तो इथेही आडवा आला असता. ए-स्कॅन टिकला, कारण त्याच्या उत्तरावर भिंगाचा नंबर ठरतो आणि त्यावाचून ऑपरेशन पुढे सरकत नाही. गालावरच्या ए-मोडच्या उत्तरावर असे काही अडून राहिले नाही.

हे सगळे २०२१ मध्ये एका क्रूर परीक्षेला लागले. कोविडच्या दुसऱ्या लाटेपाठोपाठ म्युकरमायकोसिस हा बुरशीचा आजार आला आणि सायनस हा शब्द विदर्भात घराघरांत भीतीने उच्चारला जाऊ लागला. तोवर सीटी स्कॅन ओळखीचा होऊन ‘एचआरसीटीचा स्कोअर’ही लोकांना पाठ झाला होता. राज्याने सप्टेंबर २०२० मध्येच छातीच्या एचआरसीटीचे दर यंत्राच्या ताकदीप्रमाणे २,००० ते ३,००० रुपये असे बांधून दिले होते. ९ मे २०२१ ला आयसीएमआरने म्युकरवर एक सल्लापत्र काढले. एकतर्फी चेहरा दुखणे, गालाच्या हाडावर वेदना, नाकातून काळपट स्राव, दात हलणे, दोन-दोन दिसणे ही लक्षणे त्यात मांडली आहेत. नाक चोंदलेल्या प्रत्येक पेशंटला जिवाणूंचा सायनसायटिस समजू नका, असे बजावले आहे. तपासण्यांमध्ये केओएच करून सूक्ष्मदर्शकाखाली बुरशी पाहणे आहे, कल्चर आहे. सोनोग्राफीचे नावही नाही.

ते नसण्याला शारीरिक कारण आहे. म्युकरची बुरशी रक्तवाहिन्यांत घुसते, ऊतक मरते आणि काळे पडते. ती नाकाच्या आतल्या पडद्यांपासून एथमॉइडमार्गे डोळ्याच्या खोबणीत आणि तिथून मेंदूकडे सरकते. प्रोब ज्या पोकळीत पाणी शोधू शकतो, तिथे कदाचित पाणी नसतेच. आणि जिथे आग लागलेली असते तिथे त्याचा ध्वनी पोचत नाही. पेशंटच्या नाकात दुर्बीण घालणे, बुरशीचा तुकडा काढणे आणि एमआरआय किंवा सीटी करणे याला पर्याय नव्हता. झरी-जामणीच्या किंवा मारेगावच्या माणसासाठी याचा अर्थ यवतमाळचे वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, नाहीतर सेवाग्राम, सावंगी किंवा नागपूर गाठणे.

१८ मे २०२१ च्या शासन निर्णयाने या आजाराचे उपचार महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेतून मोफत झाले. यवतमाळ आत्महत्याग्रस्त १४ जिल्ह्यांपैकी एक असल्याने इथले शुभ्र शिधापत्रिकाधारक शेतकरीही योजनेच्या कक्षेत होतेच. २० मे रोजी केंद्राने राज्यांना पत्र पाठवून हा आजार साथरोग कायद्याखाली अधिसूचित करायला सांगितले. या कागदांत औषध आहे, शस्त्रक्रिया आहे, अहवाल पाठवण्याची साखळी आहे. गर्भलिंगनिदानाच्या कायद्यामुळे एखादी तपासणी अडली असा सूर त्यांत कुठेही नाही.

उलट, कोविडमध्ये त्या कायद्याच्या कागदाला थोडी ढील मिळाली होती. ४ एप्रिल २०२० च्या अधिसूचनेने नोंदणी नूतनीकरणाचा नियम ८, दरमहा ५ तारखेपर्यंत अहवाल पाठवण्याचा नियम ९(८) आणि प्राधिकाऱ्यांच्या अहवालाचा नियम १८-क(६) हे ३० जूनपर्यंत स्थगित झाले. यावर ओरड झाली, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. रोजच्या नोंदी मात्र ठेवायच्याच आहेत, असा खुलासा मंत्रालयाला करावा लागला.

गालावरच्या प्रोबला जिल्ह्यात एक जागा अजून उरते, ती म्हणजे अतिदक्षता विभाग. व्हेंटिलेटरवरच्या माणसाच्या नाकातून नळी गेलेली असते, ताप उतरत नाही आणि ताप कशाचा हे कळत नाही. त्याला सीटीपर्यंत हलवणे धोक्याचे असते. फ्रान्सच्या डॅनियल लिश्टेनस्टाइन यांनी १९९८ मध्ये अशा पेशंटच्या खाटेजवळच चित्र दाखवणारे यंत्र गालावर लावून पाहिले. पोकळी द्रवाने पूर्ण भरली असेल तर तिच्या मागच्या आणि बाजूच्या भिंती पडद्यावर उमटतात. याला त्यांनी सायनुसोग्राम म्हटले. इथे पेशंट झोपलेला असतो, त्यामुळे अर्धवट भरलेल्या पोकळीबद्दल यंत्र गप्प राहू शकते, हे धरून चालावे लागते. पण भिंती स्पष्ट दिसल्या तर पू काढायचा निर्णय खाटेवरच घेता येतो. या वापराला हातातल्या यंत्राबद्दलचा २०१२ चा नियम आड येत नाही. यंत्र नोंदलेल्या रुग्णालयातच आहे, पेशंट तिथेच दाखल आहे. पेशंट गरोदर बाई नसेल तर एफ नमुनाही भरायचा नसतो.